टोरांटो: दोन 'बारा' मिळून एक डबल

पाटावरवंटा

लेकीकडं दोन महिने राहून गेल्या आठवड्यात इचलकरंजीला परत आले. नायगारा बघितला, भिजले, फोटो काढले. सीएन टॉवर खालूनच बघितला, मान दुखली. या दोन्हींवर इथं धाग्यांचा ढीग आहे, त्यामुळं त्यांना माझा नमस्कार. मला लिहायचंय ते खाण्याबद्दल. बँकेत बत्तीस वर्षं आकडे लिहिले, आता जरा चवीचं लिहू द्या.

सुरुवात लिफ्टपासून करते. लेक स्कारबरोत राहते, म्हणजे शहराच्या पूर्वेच्या अंगाला, चौदाव्या मजल्यावर. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला लिफ्टमध्ये शिरलं की माझा एक खेळ चालायचा. चौथ्या मजल्यावर दार उघडलं की सुकी मासळी तळल्याचा वास. मी म्हटलं, कोण मालवणी राहतंय? तर फिलिपिन्सचं कुटुंब. सातव्यावर कढीपत्ता आणि नारळाचं दूध, ते श्रीलंकेतले तमिळ. अकराव्यावर कुणीतरी गरम मसाला भाजतंय असं मला रोज वाटायचं. एकदा त्याच मजल्यावरच्या जमैकन आजी लिफ्टमध्ये भेटल्या, त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, मसाला एकच, पिमेंटो. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत मूठभर दाणे आणून दिले. मिऱ्यापेक्षा जरा मोठे, वास घेतला तर लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एका दाण्यात. आपल्याकडं त्याला कबाबचिनी म्हणून विकतात कधीकधी, पण ती वेगळी.

आता प्लाझा. प्लाझा म्हणजे काही भव्य नव्हे. आपल्या एसटी स्टँडसमोर असते तशी एकमजली गाळ्यांची रांग आणि पुढं गाड्या लावायला पटांगण. दिसायला अगदी रूक्ष. लेकीच्या घराजवळच्या प्लाझात ओळीनं असं होतं: केस कापायचं दुकान, तमिळ खानावळ, अफगाणी नानवाला, वकील, त्रिनिदादचं रोटीचं दुकान, लाँड्री, हक्का चायनीज. जावई म्हणाला, डाउनटाउनला झकपक हॉटेलं आहेत, पण पोट भरायला सगळे इकडंच येतात. मी तर दोन महिने त्याच पटांगणात काढले म्हणा ना.

त्रिनिदादच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा फळ्यावर 'डबल्स' लिहिलेलं. म्हटलं, एक सिंगल द्या, बघू आधी कसं लागतंय. गल्ल्यावरची बाई हसून हसून बेजार. मग तिनं करूनच दाखवलं. हळद घातलेल्या सैल पिठाची तळहाताएवढी मऊ पुरी, तिला ती म्हणाली 'बारा'. दोन बारा कागदावर थोडे एकमेकांवर चढवून ठेवले, वर डावभर पातळसर हरभऱ्याची उसळ, चिंचेची चटणी, काकडीचा कीस. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "स्लाइट?" मला काही कळलं नाही, मी मान हलवली. तिनं चमच्याच्या टोकानं लाल-पिवळा ठिपका टाकला, कागदाला पीळ मारला आणि दिलं हातात. दोन बारा म्हणून डबल्स. एकाचंही नाव डबल्सच. आमच्या हिशेबात बारा म्हणजे डझन, त्यामुळं माझं डोकं थोडा वेळ चालेना. मग उजेड पडला, अहो हा बरा! उत्तरेकडचा बरा, म्हणजे आपला वडा. समुद्र ओलांडून गेला आणि वड्याची पुरी झाली.

'स्लाइट' म्हणजे तिखट किती हवं ते. स्लाइट, मीडियम, प्लेंटी. दुसऱ्या दिवशी गेले आणि कोल्हापूर जिल्ह्याची अब्रू राखायची म्हणून 'प्लेंटी' म्हटलं. ती स्कॉच बॉनेट नावाची मिरची दिसायला एखाद्या टोपीसारखी गोंडस असते. कोल्हापूरची अब्रू पटांगणात गेली. बाईनं न मागता गार सरबत आणून दिलं, पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या भेटीत गप्पा झाल्या. तिच्या पणजोबांचे वडील कलकत्त्याहून जहाजानं गेलेले, ऊस तोडायला. तिला हिंदी येत नाही. पण तिच्या फळ्यावर चोखा होता, फुलौरी होती, तलकारी होती, आणि 'गीरा' होता. गीरा काय असेल ओळखा? जिरं! आणि तिची दालपुरी बघून मला गलबललं. वाटलेली डाळ भरून लाटलेली भलीमोठी पातळ पोळी, मोडली की आत पिवळं सारण. तिखटामिठाची पुरणपोळीच की. मी तिला गूळ घातलेल्या पोळीबद्दल सांगितलं, तिनं तोंड वाकडं केलं. "डाळीत गोड?" म्हणाली.

तमिळ खानावळीत कोत्तू रोटी. दाराबाहेरूनच आवाज येतो. तव्यावर पराठ्याचे तुकडे, अंडं, मटणाचा रस्सा घालून दोन सपाट पाती दोन हातांत धरून खटाखट खटाखट. लेझमीसारखा ताल असतो त्याला, मध्येच खंड, मग दुप्पट. तिथला एक पोरगा तर ताल संपवताना समेवर यायचा. इडिअप्पमही खाल्ले, आणि तुम्हाला सांगते, हे आपल्या कोकणातले शिरवाळे. फक्त त्यांचा नारळाचा रस तिखट-आंबट, आपला गोड.

अजून बरंच आहे, पण आधी तुमचं ऐकते. कोण कोण राहिलंय तिकडं?

उत्तरध्रुव

ताई, छान लिहिलंय. एकोणीस वर्षं झाली मला इथं, शेजारच्या मिसिसागात. तुमच्या आनंदावर थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

तुम्ही जून-जुलैत आलात. फेब्रुवारीत उणे पंधरात तेच पटांगण ओलांडून दाखवा. एका बेडरूमचं भाडं दोन हजार डॉलरच्या वर आहे. ती रोटीवाली बाई किंवा तो तालावर येणारा पोरगा किती वाजता घरी पोचतात, बसनं किती वेळ लागतो, हे पाहुण्याला दिसत नाही. आणि ते प्लाझाही चालले. जागेला भाव आला की गाळे पाडून तिथं टॉवर. टॉवरच्या तळमजल्याचं भाडं कोत्तूवाल्याला परवडत नाही, मग तिथं बँक येते किंवा औषधाचं दुकान.

आकडा हवा असेल तर २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २७ लाख ९४ हजार, आणि त्यातले ४६ टक्क्यांहून जास्त बाहेरच्या देशातून येऊन स्थायिक झालेले. शहराचं ब्रीदवाक्यच 'विविधता हीच आमची ताकद' अशा अर्थाचं आहे. प्रत्यक्षात माणसं बरीचशी आपापल्या भागात राहतात. मिसळतात ती जेवायला.

पाटावरवंटा

@उत्तरध्रुव, राग कसला. खरंय ते. पोरगा रात्री अकराला सुटतो आणि दोन बस बदलतो, त्यानंच सांगितलं. भाड्याचा आकडा तर लेक झोपेत पण बडबडते. पण माणसं निदान जेवायला मिसळतात हे मला कमी वाटत नाही हो. आमच्या गल्लीत तेवढंही सगळ्यांना जमलेलं नाही अजून.

खवचट_खंडू

मिसळ मिळाली का? नाही ना? मग कसलं बहुसांस्कृतिक शहर. धागा बंद करा.

पाटावरवंटा

खंडोबा, मिसळ लेकीच्या घरी मिळाली, कारण मी केली. मटकीला मोड यायला तिकडं दीड दिवस जास्त लागतो. कट मात्र त्या पिमेंटोचे दोन दाणे घालून केला. काय झाला होता सांगू! पण इथं सांगितलं तर मला गावात घेणार नाहीत.

अनुस्वार

थोडी माहितीची भर. त्रिनिदादला गिरमिटिया, म्हणजे करारानं नेलेल्या, भारतीय मजुरांचं पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ ला पोचलं. गयानात त्याआधी १८३८ मध्येच. कॅरिबियनला गेलेले बहुतेक कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून, त्यामुळे भोजपुरी शब्द टिकले. मराठी मजूर मुंबई बंदरातून मुख्यतः मॉरिशसला गेले. आणि गंमत म्हणजे मॉरिशसमध्येही 'ढोल पुरी' हेच रस्त्यावरचं सगळ्यात आवडतं खाणं. म्हणजे एकच पोळी दोन महासागरांत.

डबल्स मात्र भारतातून गेलेलं नाही. ते त्रिनिदादमध्येच, प्रिन्सेस टाउनला १९३० च्या दशकात जन्मलं.

टोरांटोचा पॅटीचा तंटा कुणाला माहीत आहे का? जमैकन पॅटी म्हणजे हळदीनं पिवळ्या झालेल्या पारीची खिम्याची मोठी करंजी. १९८५ मध्ये सरकारी निरीक्षकांनी दुकानदारांना सांगितलं की 'बीफ पॅटी' हे नाव वापरायचं नाही, कारण नियमानुसार बीफ पॅटी म्हणजे हॅम्बर्गरमधली नुसत्या मांसाची चकती, तिला पारी नसते. दुकानदार म्हणाले, आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच म्हणतोय. प्रकरण पेपरात गाजलं, जमैकाच्या वकिलातीपर्यंत गेलं. शेवटी 'जमैकन पॅटी' या नावावर तडजोड झाली. शहरात २३ फेब्रुवारीला पॅटीचा दिवस पाळतात तो यावरूनच.

पाटावरवंटा

@अनुस्वार, करंजी हा शब्द अगदी चपखल. सबवेच्या स्टेशनातल्या टपरीवर खाल्ली मी ती, उभ्या उभ्या. ती लोकं वर तिला गोडसर पावात घालून खातात, करंजी-पाव! कागदी पिशवीला तेल सुटलेलं, आणि गाडी आली तरी कुणाला घाई नाही. एक गाडी सोडली की दुसरी येते, पॅटी गारठली की गेली.

मांडवीकाठ

म्हाका बरें दिसलें वाचून! आमचे अर्धे नातेवाईक मिसिसागा-ब्रॅम्प्टनात. काही गोव्याहून, काही कराचीचे, काही नैरोबी-कंपालाहून आलेले गोंयकार, आणि प्रत्येकाची शाकुती वेगळी. नाताळात भांडण ठरलेलं.

पाटावरवंटाबाय, तुम्ही डंडास स्ट्रीट वेस्टच्या पोर्तुगीज भागात गेलात काय? १९५३ पासून पोर्तुगीज लोक कॅनडात येऊ लागले, टोरांटोत बरेचसे असोरेस बेटांवरचे. त्यांच्या खाटकाकडे 'विन्या द आल्योश' मुरवलेलं डुकराचं मांस मिळतं, दारू किंवा व्हिनेगर आणि लसूण. हेच गोव्यात येऊन व्हिंदालू झालं. मी त्या खाटकाला सांगितलं की आम्ही ह्यात मिरच्या घालतो, तर तो म्हणाला की आम्ही पण घालतो. मग अर्धा तास तो कुठल्या मिरच्या ते सांगत बसला आणि मागे रांग लागली. शोरीसही अगदी आपल्यासारखा दिसतो, पण आपला जास्त आंबट. आपलाच बरा, हें सांगपाची गरज ना.

सेंट लॉरेन्स मार्केटमध्ये पीमील बेकनचा (मक्याच्या पिठात घोळवलेल्या खारवलेल्या डुकराच्या मांसाचा) पाव खायचा असेल तर सोमवारी जाऊ नका, बंद असतं. मी गेलेलो. माझीच चूक.

एकवेळ_जेवण

नमस्कार. आम्ही सप्टेंबरमध्ये जाणार आहोत, सोबत सासूबाई. त्या शुद्ध शाकाहारी, शिवाय गुरुवार करतात. वरचं सगळं वाचून त्यांना सांगायची हिंमत होत नाहीये. काही मार्ग?

पाटावरवंटा

@एकवेळ_जेवण, अगदी बिनधास्त न्या. मी सोमवार करते, त्यामुळं हा अभ्यास झालाय.

डॅनफर्थ म्हणून रस्ता आहे, ग्रीक भाग म्हणून प्रसिद्ध. त्याच रस्त्यावर पुढं पूर्वेला इथिओपियाची हॉटेलं आहेत. तिथं जाऊन म्हणायचं, उपासाची थाळी द्या. खरंच! त्यांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांत बुधवार-शुक्रवारी उपास असतो, त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. त्यामुळं 'येत्सोम' म्हटलं की त्यांना सगळं कळतं, आणि हॉटेलात ही थाळी एरवीही मिळते.

मोठ्या गोल ताटावर अंथरलेली इंजेरा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली, एका बाजूला जाळी, चव आंबट. आपली आंबोळी बैलगाडीच्या चाकाएवढी केली तर कशी दिसेल तशी. तिच्यावर मसूर, कोबी-बटाटा, पालेभाजी, आणि मधोमध 'शिरो'. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, लाल मसाला घातलेलं... बोला बोला... पिठलं! मी पहिला घास घेतला आणि लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, "आई, मी चार वर्षं हेच खायला येते इथं, तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पिठलं खायला एवढे डॉलर?" बरोबर ओळखलं होतं तिनं.

सगळे एकाच ताटातून हातानं खातात. सासूबाईंना उष्ट्याचं वाटत असेल तर वेगळं ताट मागा, देतात.

फक्त त्यांच्या उपासाला कांदा-लसूण चालतो आणि आपल्या गुरुवारात बसत नसेल तर सांगायची माझी जबाबदारी संपली.

उत्तरध्रुव

@एकवेळ_जेवण, भर घालतो. 'व्हेज' एवढंच म्हणू नका. फिश सॉस, कोंबडीचं पाणी, चरबी यांचं नाव घेऊन विचारा. थाई आणि व्हिएतनामी ठिकाणी हटकून विचारा. दारावर हिरवी पाटी बघा, ती महापालिकेची स्वच्छतेची तपासणी. पिवळी म्हणजे अटींवर पास, लाल म्हणजे बंद.

बिलात १३ टक्के कर वेगळा येतो, मेनूवर लिहिलेला नसतो. आणि कार्डाचं मशीन पुढे करतील त्यावर टिप १८ टक्क्यांपासून सुरू. सासूबाईंना मशीन दाखवू नका.

प्रवासाला प्रेस्टो कार्ड घ्या. एकदा टॅप केलं की दोन तास बस, ट्राम, सबवे कितीही बदला.

पाटावरवंटा

ते मशीन! एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी नुसता डब्यात भरून दिलेला भात उचलून आणला आणि मशीननं मला २२ टक्के विचारले. भात वाढलासुद्धा नव्हता कुणी. बत्तीस वर्षं काउंटरवर बसून मला कुणी चहा पाजला नाही, आणि इथं यंत्राला टिप. शून्य दाबायला जावयानं शिकवलं. दाबताना आजूबाजूला मात्र बघितलंच.

गाडीवरचं_चायनीज

पाटावरवंटा काकू, त्या प्लाझातल्या हक्का चायनीजबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! मी डोंबिवलीचा, टोरांटोत शिकायला दोन वर्षं होतो, जगलो त्यावर.

पाटावरवंटा

लिहायचंच होतं, तू आठवण केलीस बरं झालं.

मेनूत चिली चिकन, मंचूरियन, हक्का नूडल्स. मी म्हटलं, हे तर आमच्या स्टेशन रोडवर पण आहे. मालक साठीचे, चेहरा चिनी. मी इंग्रजी जुळवत होते तर ते म्हणाले, "हिंदी बोलिए ना, मैं कलकत्ते का हूँ." टांगऱ्यातला, म्हणजे कलकत्त्याच्या चिनी वस्तीतला जन्म, वडिलांचा चामड्याचा कारखाना. घरी हक्का ही त्यांची चिनी बोली, रस्त्यावर बंगाली, शाळेत इंग्रजी, सिनेमाला हिंदी.

नंतर जावयानं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. १९६२ च्या युद्धात आपल्या सरकारनं चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. म्हातारी माणसं, लेकरं सगळी. काहींचे तिथून सुटायला चार-पाच वर्षं गेली. त्यानंतर एकेक कुटुंब देश सोडून गेलं, बरीच टोरांटोला. आणि तिथं जाऊन त्यांनी दुकानावर पाटी लावली ती 'इंडियन चायनीज'. मालकांना त्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं, लिंबाचं लोणचं आणलंय का घरून? दुसऱ्या दिवशी बाटली नेऊन दिली.

अनुस्वार

त्यात आपल्याकडचाही धागा आहे. मंचूरियन हा पदार्थ मंचुरियात नाही. तो १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी केला असं सांगतात, आणि ते स्वतः कलकत्त्याच्या चिनी घरातले. म्हणजे मुंबईत जन्मलेला पदार्थ कलकत्त्याच्या चिनी माणसांनी टोरांटोत विकायचा आणि गिऱ्हाईक म्हणून गयानाची, पाकिस्तानची, श्रीलंकेची माणसं.

गाडीवरचं_चायनीज

आणि ती गिऱ्हाइकं त्याला नुसतं 'हक्का' म्हणतात. "आज हक्का खाऊया." तिथल्या माझ्या सोमाली रूममेटला पक्कं वाटायचं की मंचूरियन हाच हक्का लोकांचा पारंपरिक पदार्थ आहे. मी दोन वर्षांत त्याचा गैरसमज दूर केला नाही. फोडणीचा भात शिकवला फक्त.

खवचट_खंडू

बरं ते अस्सल काय मिळालं तिथं? सगळंच कुठूनतरी तिसरीकडून आलेलं. अस्सल त्रिनिदाद नाही, अस्सल चीन नाही, अस्सल भारत तर नाहीच.

पाटावरवंटा

खंडोबा, तुमच्या मिसळीतली मिरची कुठली? बटाटा कुठला? पाव कुणाचा? मांडवीकाठला विचारा, पावाचं ते सांगतील.

मला त्या प्लाझात नेमकं तेच आवडलं. तिथं कुणी 'आमच्या आजीची मूळ कृती' म्हणत बसत नव्हतं. आजीची कृती जहाजात बसली तेव्हाच बदलली, मिळाली ती मिरची घातली, मिळाली ती डाळ वाटली. रोटीवालीनं तर मला सांगितलं की टोरांटोत येऊन तिनं बाऱ्याच्या पिठात यीस्ट वाढवलं, कारण उन्हाळ्यात पीठ नीट फुगतं आणि थंडीत रुसतं. म्हणजे तिचा बारा आता त्रिनिदादचाही राहिला नाही. प्लाझातला झाला.

मांडवीकाठ

पाव आमचो! पोर्तुगीज पाद्र्यांनी शिकवला, यीस्ट मिळेना म्हणून माडाची सूर, म्हणजे माडी, घातली. बस, इतकेंच.

पाटावरवंटा

बरं, आता माझी अडचण. काल इथं घरी डबल्स करून बघितले. मैदा, हळद, जिरं, यीस्ट, कोमट पाणी. उसळ झकास झाली, पण बारा गार होताच चामट. ह्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "चांगला आहे, पण हा बाराच वाजवणार माझे." कुठं चुकलं?

उत्तरध्रुव

पीठ घट्ट मळलंत का पुरीसारखं? आमच्या शेजारी त्रिनिदादच्या आहेत, त्यांना आत्ताच विचारून आलो. त्या म्हणाल्या, पीठ हाताला चिकटलंच पाहिजे. तासभर फुगू द्या. लाटणं नाही, तेलाच्या बोटांनी थापायचं. तेल कडक, एका बाजूला पाच-सहा सेकंद, उलटून तेवढंच, लाल होऊ द्यायचा नाही. आणि काढला की लगेच फडक्यात झाकायचा, एकावर एक. वाफेनंच तो मऊ होतो.

पाटावरवंटा

मी तर पुरीसारखे लाटून, लाल तळून, चाळणीत निथळत ठेवले होते! तिथंच घोळ.

आज परत केले. पीठ एवढं सैल की ताटाला पण चिकटलं. पंच्याच्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवले. झाले हो मऊ. शेजारची वहिनी दोन खाऊन गेली आणि जाताना म्हणाली, वहिनी, ह्याला कांदा-लसूण मसाला लावला तर? लावलाय उरलेल्यांना. ह्यांना 'स्लाइट' विचारलं, ते 'प्लेंटी' म्हणाले. फोटो उद्या टाकते, आत्ता हात तेलाचे आहेत.